समुद्राला मिळालेलं पाणी वाया जातं का?

खाडी, खारफुटी, मिठागरं असे विषय निघाले की आपण बेळगाव-निपाणीकडची माणसं जरा मागे सरकून बसतो. ते कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांचं, असं आपण धरून चालतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर. आपल्याकडे लाल माती, ऊस, तंबाखू, बटाटा, बासमती भात. समुद्राशी आपला संबंध मे महिन्यातल्या गोव्याच्या सहलीपुरता आणि रविवारच्या मासळीपुरता.

नकाशा उघडून पाहिला तर मात्र हा संबंध फार जवळचा निघतो. मांडवीच्या काठची गोव्याची खाजणं, चोडण बेटावरची खारफुटी आणि रायबंदरकडची मिठागरं ज्या गोड्या पाण्यावर जगतात, त्यातलं काही पाणी आपल्या खानापूर तालुक्यात पडलेल्या पावसाचं असतं. गेली कित्येक वर्षं आपल्या भागात एक वाक्य सतत कानावर येतं : "पाणी नुसतं समुद्रात वाहून वाया जातं." या लेखात त्या 'वाया' शब्दाचा थोडा हिशेब मांडू.

एक डोंगर, दोन समुद्र

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालात की कुसमळीचा पूल लागतो. पुलाखाली मलप्रभा असते. पुढे कणकुंबीला तिचा उगम आहे. तिथून ती पूर्वेकडे वळते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर थेट आंध्रातल्या बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. प्रवास हजारभर किलोमीटरचा.

याच डोंगररांगांत, देगावच्या परिसरात, म्हादई उगम पावते. ती भीमगडच्या जंगलातून वाट काढते, वज्रपोह्याला कड्यावरून उडी घेते आणि गोव्यात उतरते. पुढे तिलाच मांडवी म्हणतात. पणजीजवळ ती अरबी समुद्राला मिळते. हा सगळा प्रवास शंभर किलोमीटरच्या आतला.

म्हणजे पावसाचे दोन थेंब डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडले तर एक पूर्वेच्या समुद्राला जाईल आणि दुसरा पश्चिमेच्या. म्हादईचं एकूण पाणलोट क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. कर्नाटकाचा वाटा आकड्याने लहान दिसला तरी तो नदीच्या माथ्याचा भाग आहे. घनदाट जंगल, भरपूर पाऊस आणि पाणी धरून ठेवून हळूहळू सोडणारी जमीन इथेच आहे.

निपाणीकरांची गोष्टही अशीच, फक्त दिशा वेगळी. यमगर्णीच्या पुलाखालून वाहणारी वेदगंगा पुढे दूधगंगेला आणि दूधगंगा कृष्णेला मिळते. महापुरात महामार्गावर चढलेलं ते पाणी अखेर कृष्णेच्या मुखाशी असलेल्या खारफुटीकडेच निघालेलं असतं. तेव्हा समुद्राकाठची ही ओली, खारट जमीन आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

खारं आणि गोडं

नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो आणि तिने आणलेला गाळ खाली बसतो. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. नदीचं पाणी गोडं. ही दोन पाणी जिथे रोज एकमेकांत मिसळतात तिथे खारी दलदल तयार होते.

हे मिसळणं किती आतपर्यंत चालतं, याचा आपल्याला सहसा अंदाज नसतो. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात नदीचा जोर इतका असतो की खाडीतलं पाणीही बरंचसं गोडं होतं. पाऊस संपला, नदी रोडावली, की खारं पाणी हळूहळू वर सरकू लागतं. एप्रिल-मे मध्ये ते सर्वांत आत पोचलेलं असतं. मग जून येतो आणि नदी त्याला पुन्हा समुद्राकडे ढकलते. वर्षानुवर्षं हे मागे-पुढे चालू असतं.

या ये-जा करणाऱ्या खारेपणात साधं झाड तग धरू शकत नाही. मुळांना पाणी मिळतं, पण ते मिठाचं. चिखलात हवा नसते, त्यामुळे मुळं गुदमरतात. म्हणून इथल्या झाडांनी आपापले उपाय शोधले आहेत. तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात, कारण ते झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळ मुळांशीच बरंचसं मीठ अडवतं. तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर डोकावून श्वास घेतात, तर कांदळाची मुळं खोडातून फुटून कमानीसारखी जमिनीत उतरतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. लांब शेंगेसारखं रोप तयार होऊन खाली पडतं, चिखलात रुततं किंवा पाण्याबरोबर तरंगत दुसरी जागा शोधतं.

झाडांच्या मागे, जिथे फक्त मोठ्या भरतीचं पाणी पोचतं, तिथे खारट गवतं आणि मोरससारख्या जाड, रसाळ पानांच्या वनस्पती वाढतात. कोकणात मोरसाच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. त्यात वेगळं मीठ घालायची फारशी गरज पडत नाही.

आणि या सगळ्याखाली चिखल. वरून पाहिलं तर घाण वाटणारा, वास मारणारा. पण पडलेली पानं त्यात कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, ते खेकडे-शिंपले खातात, त्यांना मासे आणि पक्षी. कोळंबीच्या अनेक जातींची पिल्लं समुद्रात जन्मतात, भरतीबरोबर खाडीत येतात, या मुळांच्या जाळीत आसरा घेऊन वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात परततात. बेळगावच्या मासळी बाजारात कोळंबी, चोणक, कुर्ल्या किंवा तिसऱ्या घेताना हे लक्षात असू द्या. तुमच्या पिशवीतला बराच ऐवज अशाच कुठल्यातरी खाडीच्या चिखलात वाढलेला असतो.

या चिखलात हवा नसल्याने सेंद्रिय पदार्थ अतिशय सावकाश कुजतात. त्यामुळे हवेतून शोषलेला कार्बन तिथे शेकडो वर्षं साठून राहू शकतो. वादळी लाटांचा जोरही ही झाडं कमी करतात. हे सगळं काम चालतं ते एका अटीवर : वरून गोडं पाणी आणि गाळ येत राहिला पाहिजे. गोडं पाणी घटलं की चिखलातलं मीठ वाढतं आणि कमी खारेपणात वाढणाऱ्या जाती आधी नाहीशा होतात. गाळ घटला की जमीन खचते किंवा झिजते. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आहे. त्या वाढीबरोबर वर उचललं जायचं तर दलदलीला गाळ हवाच.

खाजण : माणसाने समुद्राशी केलेली तडजोड

गोव्यातल्या माणसांनी या खाऱ्या दलदलीचा काही भाग बांध घालून शेतीखाली आणला. तीच खाजणं. गोव्यात आजही सुमारे १८,००० हेक्टर जमीन खाजण म्हणून ओळखली जाते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या, बांदिवडे इथल्या ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द येतो. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालू आहे.

खाजणाची रचना समजायला सोपी आहे. नदीच्या बाजूला मातीचा आणि जांभ्या दगडाचा उंच बांध. बांधात एक लाकडी दरवाजा, त्याला मानस म्हणतात. आत पाणी साठवणारी आणि वाहून नेणारी पोय. भरतीच्या पाण्याचा दाब आला की मानसाची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी दाब देतं आणि दारं उघडतात. मोटार नाही, वीज नाही. हव्या तेवढ्या खाऱ्या पाण्याला आत घ्यायचं, बाकीचं बाहेर ठेवायचं, हे काम चंद्राच्या वेळापत्रकावर चालतं.

पावसाळ्यात पहिल्या सरींनी शेतातलं मीठ धुऊन निघतं आणि मग कोरगुट नावाचा भात पेरतात. हा भात बऱ्यापैकी खारेपणा सोसतो. पाऊस संपला की पोयीत आणि मानसाशी मासे, कोळंबी. मानसाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. काही खाजणांत उन्हाळ्यात मिठागरं. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ. बांधांची देखभाल गावकरी, म्हणजे गावची सामुदायिक संस्था, करत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. बऱ्याच ठिकाणी बांधांकडे दुर्लक्ष झालं. बांध फुटला की भाताच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणं फार अवघड होतं. काही ठिकाणी त्या जागांवर इमारतींचा डोळा आहे.

घाटावरच्या आपल्या पूर्वजांना ही जमीन अनोळखी नव्हती. रेल्वे येण्याआधी लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरचं मीठ रामघाटासारख्या वाटांनी वर आणत आणि घाटावरचं धान्य खाली नेत. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या भाकरीतलं मीठ अशाच आगरांतून आलेलं असणार.

अशी व्यवस्था एकट्या गोव्याची नाही. आपल्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, अघनाशिनी नदीच्या मुखाशी 'गजनी' जमिनी आहेत. तिथे 'कग्गा' नावाचा खारं पाणी सोसणारा भात होतो आणि जवळच सानिकट्ट्याची मिठागरं आहेत. अघनाशिनीवर मोठं धरण नाही. तिची खाडी शिंपल्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि अनेक कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. २०२४ च्या जानेवारीत या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला.

कृष्णेकडे काय झालं

गोडं पाणी कमी पडलं तर काय होतं, हे पाहायला आपल्याला परक्या देशात जावं लागत नाही. आपल्या दुसऱ्या उताराकडे पाहिलं तरी पुरे.

कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत धरणांची रांग उभी राहिली. काळम्मावाडी, हिडकल, नविलुतीर्थ, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. या धरणांनी आपल्याला पिण्याचं पाणी दिलं, ऊस दिला, वीज दिली. निपाणी, चिकोडी, गोकाक भागातल्या कित्येक घरांची आजची सुबत्ता त्या पाण्यावर उभी आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ताळेबंदाची दुसरी बाजूही असते. १९६० पूर्वी कृष्णा दरवर्षी जेवढं पाणी समुद्रात सोडत होती, त्याचा एक लहानसा अंश आता तिथे पोचतो. २००१ ते २००४ या कमी पावसाच्या वर्षांत तर समुद्रात जाणारं पाणी जवळजवळ थांबलं होतं. गाळ धरणांच्या मागे अडकतो, त्यामुळे कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी झिजत चालला आहे, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. हंसलदीवीजवळ, जिथे कृष्णा समुद्राला मिळते, त्या परिसरात खारफुटीचं अभयारण्य आहे. तिथल्या शेतकऱ्याने आणि मच्छीमाराने आपलं नावही ऐकलेलं नसेल. पण आपण वर नळ उघडतो तेव्हा त्याच्या दारातलं मीठ किंचित वाढतं. पाण्याचा हिशेब असाच असतो : एका खात्यावरून काढलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर कमी होतं.

३.९ टीएमसी

म्हादईच्या पाण्याबद्दल आपल्या भागात मतं तीव्र आहेत आणि ती का आहेत हे समजण्यासारखं आहे. हुबळी-धारवाड आणि आसपासच्या गावांची तहान खरी आहे. मलप्रभेचं धरण कित्येक वर्षं पूर्ण भरत नाही. म्हणून कळसा आणि भंडुरा या म्हादईच्या खोऱ्यातल्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, अशी योजना पुढे आली.

या वादासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. खोऱ्यात वर्षाला साधारण १८८ टीएमसी पाणी आहे, असं लवादाने धरलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्यातलं १३.४२ टीएमसी कर्नाटकाला, २४ गोव्याला आणि १.३३ महाराष्ट्राला. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी आणि मलप्रभेकडे वळवण्यासाठी ३.९ टीएमसी. कळशातून १.७२, भंडुऱ्यातून २.१८. पुढे तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली.

३.९ भागिले १८८ केलं तर दोन टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. मग एवढा गाजावाजा कशाला, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. या खोऱ्यात वर्षभराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो. म्हणून वार्षिक सरासरी पावसाळ्यातल्या पुराने फुगलेली असते. खाडीला खरी गरज पडते ती पाऊस ओसरल्यानंतर, खारं पाणी वर सरकत असताना. तेव्हा नदीत जे काही वाहतं ते मुख्यतः वरच्या जंगलांनी धरून ठेवलेलं पाणी असतं. म्हणून किती पाणी घेतलं याइतकंच ते कधी घेतलं, कुठून घेतलं आणि त्यासाठी किती जंगल मोडलं, हेही मोजावं लागतं. भीमगडचं जंगल उभं असेल तर त्याचा फायदा मांडवीला होतो आणि तितकाच मलप्रभेलाही, कारण दोघींचे उगम त्याच डोंगरांत आहेत.

योजनेच्या बाजूने असा की विरोधात, हा निर्णय ज्याने त्याने अभ्यास करून घ्यावा. घरातल्या घरात यावर दोन मतं असू शकतात आणि असावीत. मात्र चर्चा सुरू करताना 'वाया जाणारं पाणी' हा शब्दप्रयोग बाजूला ठेवायला हवा. समुद्राला मिळणाऱ्या पाण्यावर कोरगुट पिकतो, कोळंबी वाढते, किनारा टिकतो. ते पाणी आधीच कुणीतरी वापरत आहे. ते आपल्याला हवं असेल तर कुणाच्या तरी ताटातलं घेतो आहोत हे ठाऊक असताना मागावं. आणि मागण्याआधी आपल्याच शहरांतल्या गळक्या नळवाहिन्या, बुजलेल्या विहिरी आणि आटलेली तळी यांचाही हिशेब करावा. बेळगावात जुन्या विहिरी साफ करून त्यांचं पाणी वापरात आणल्याची उदाहरणं आहेतच.

पुढच्या सुट्टीत

हे वाचून झालं की मुलांना घेऊन एकदा नदीबरोबर प्रवास करा. गोव्याला तर आपण जातोच, फक्त थोडं थांबत जायचं.

सकाळी लवकर निघून कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी थांबा. मुलांना सांगा, हे पाणी पूर्वेला जाणार. मग चोर्ल्याची उतरण सुरू झाली की इथून पुढचं पाणी पश्चिमेला. साखळीत वाळवंटी दिसेल, तीही मांडवीलाच मिळते. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली घोषित झालेलं, जेमतेम १७८ हेक्टरचं. ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा, कारण चिखल उघडा पडतो तेव्हाच खरी गंमत असते. एक नांगी मोठी असलेले रंगीत खेकडे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, खंड्या, बगळे. ऑक्टोबर ते मार्च गेलात तर दूरदेशीचे पाहुणे पक्षीही दिसतील. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात का, ते भिंगातून पाहायला सांगा. पान तोडू नका.

पणजीकडे जाताना रायबंदर ते पाटो हा रस्ता मुद्दाम घ्या. १६३३-३४ साली पोर्तुगिजांनी दलदलीतून बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा हा सेतू आजही वापरात आहे. त्याच्या कडेला खारफुटी आणि जुनी मिठागरं दिसतात. बाजारात गावठी मीठ आणि कोरगुटाचा तांदूळ मिळाला तर घेऊन या. तांदूळ जाडा आणि लालसर असतो, पेजेला उत्तम.

आणि घरी आल्यावर, जून महिन्यात पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारा : आपल्या अंगणातलं हे पाणी कुठल्या समुद्राला जाणार? बेळगाव शहरात आणि निपाणीत उत्तर पूर्वेचं येईल, देगावात पश्चिमेचं. वाटेत कोणकोण हे पाणी वापरणार याची यादी त्यांनाच करू द्या. यादीत माणसं येतील, धरणं येतील, ऊस येईल. खेकडे आणि तिवरं राहून गेली तर तेवढी आठवण करून द्या.